संगणक मध्येंच थांबला तर

घड्याळ बंद पडलें तर आपण तें कानाशीं धरून पाहतों. सायकल अडली तर वांकून साखळी पाहतों. आणि रात्रीं दिवा गेला तर प्रथम शेजाऱ्याच्या खिडकींत उजेड आहे कीं नाहीं याची खात्री करतों. म्हणजे बिघाड कोठें आहे हें ठरल्यावांचून आपण सहसा हातोडी उचलीत नाहीं. परंतु संगणकाचा पडदा काळा राहिला, कीं ही आपली व्यवहारबुद्धि आपणांस सोडून जाते. मग एकामागून एक बटणें दाबलीं जातात, आणि शेवटीं "सगळें पुसून टाका व नवें घाला" या सल्ल्यास आपण मान डोलावतों. असें होऊं नये, घरचें किंवा शाळेचें यंत्र अडलें असतां त्याचा तपास आपणांस शांतपणें करतां यावा, एवढ्यासाठीं हा लेख लिहिला आहे.

येथें विचार करावयाचा आहे तो लिनक्स या कार्यप्रणालीचा. कार्यप्रणाली म्हणजे यंत्राचे भाग आणि आपण वापरतों ते प्रोग्राम यांच्यामधील कारभारी होय. १९८३ सालीं अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं कोणालाही मोकळेपणें वापरतां येईल अशी कार्यप्रणाली घडविण्याचा ग्नू हा उपक्रम जाहीर केला. १९९१ सालीं फिनलंडांतील हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानें तिला हवा असलेला गाभा, म्हणजे कर्नेल, लिहून जगापुढें ठेवलें. या दोहोंच्या मेळानें जी प्रणाली झाली तिचा मूळ मजकूर कोणीही वाचावा, सुधारावा व दुसऱ्यास द्यावा अशी मोकळीक आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० या प्रणालीची नेहमींची मदत तिच्या कंपनीनें थांबविली. जे जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहींत, त्यांस लिनक्सच्या आधारानें आणखी कित्येक वर्षें कामास लावतां येतें. म्हणून या प्रणालीची ओळख विद्यार्थ्यांस व पालकांस उपयोगी पडेल.

आतां आमचीच एक फजिती सांगतों, म्हणजे पुढील विवेचन समजण्यास सोपें जाईल.

आमच्या मानपाड्यांत आणि डोंबिवलीच्या या पूर्वेकडील भागांत औद्योगिक वसाहत व उंच इमारती येण्यापूर्वीं भाताचीं शेतें होतीं. त्या काळच्या आठवणी गोळा कराव्या म्हणून नववीच्या मुलामुलींनीं आसपासच्या वृद्ध माणसांकडे जाऊन त्यांचें बोलणें ध्वनिमुद्रित केलें. त्यांत आगरी लग्नांत धवले गाणाऱ्या धवलारणींचींही गाणीं होतीं. हें सर्व मुद्रण वर्गाच्या एकाच संगणकांत ठेवलें होतें. त्याची दुसरी प्रत काढून ठेवणें हें माझें काम. तें मीं "उद्यां करूं" म्हणून टाळलें होतें. गेल्या आषाढांत एके दुपारीं त्या संगणकावर नवीन सुधारणा उतरत असतां वीज गेली. ती परत आल्यावर संगणक सुरू केला. कंपनीचें नांव दिसलें, कांहीं पांढरीं अक्षरें भरभर वर सरकलीं, आणि नंतर पडदा काळा झाला तो काळाच राहिला.

आम्हीं घाबरून एकाच वेळीं तीन गोष्टी केल्या. मेमरीची पट्टी काढून पुन्हां बसविली, मॉनिटर बदलला, आणि त्याची केबल काढून मागच्या बाजूस दिसेल त्या जागीं लावली. परिणाम असा झाला कीं, पूर्वीं निदान कंपनीचें नांव दिसत होतें, तेंही आतां दिसेना. एका दुरुस्तीवाल्यास विचारलें, तर त्यानें डिस्क पुसून प्रणाली पुन्हां घालण्याचा सल्ला दिला. मुद्रित आवाजांपैकीं एक आजी तेवढ्या अवधींत वारल्या होत्या. त्यांचें गाणें पुन्हां कोठून आणणार? मी गप्प बसून राहिलों. तेव्हां एक मुलगी म्हणाली, "सर, पहिल्यांदां नांव तरी दिसत होतें. आतां तेंही दिसत नाहीं. मग हा दुसराच बिघाड नसेल कां?"

त्या एका प्रश्नानें आमचे डोळे उघडले. यंत्र बिघडलें आहे काय, हा प्रश्नच अपुरा आहे. यंत्र कोठपर्यंत पोहोंचलें व कोठें थांबलें, हें विचारावयास पाहिजे. कल्याणहून निघालेली लोकल ठाण्यास आली नाहीं, तर ती डोंबिवलीहून सुटली होती काय, दिव्याच्या पुढें गेली काय, हें आपण विचारतों. शेवटचें स्टेशन कळलें कीं अडथळ्याची जागाही कळते. संगणक सुरू होतांना त्यालाही अशीं स्टेशनें ठरलेल्या क्रमानें घ्यावीं लागतात. तीं सहा आहेत असें समजूं.

पहिलें स्टेशन विजेचें. बटण दाबूनही पंखा फिरत नसेल व दिवा लागत नसेल, तर लिनक्सला दोष देण्यांत अर्थ नाहीं. भिंतींतील प्लग, वायर आणि पॉवर सप्लाय हींच पाहावीं.

दुसरें स्टेशन फर्मवेअरचें. मदरबोर्डवरील एका चिपमध्यें एक छोटा प्रोग्राम कायमचा ठेवलेला असतो. जुन्या यंत्रांत त्यास बायोस म्हणत. नव्या यंत्रांत यूईएफआय म्हणतात. तो मेमरी, कीबोर्ड, डिस्क इत्यादिकांची हजेरी घेतो व बहुधा कंपनीचें नांव पडद्यावर दाखवितो. पंखा फिरतो पण नांवही उमटत नाहीं, किंवा ठराविक शिट्ट्या ऐकूं येतात, तर बिघाड याच जागीं आहे. मेमरीची पट्टी सैल झाली असेल, किंवा आपल्याकडील दमट हवेनें तिच्या कडेवर मळ धरला असेल. अशा वेळीं प्लग काढून, पट्टी कोरड्या मऊ कापडानें पुसून पुन्हां घट्ट बसवावी. मॉनिटरची केबलही पाहावी. संगणकांत वेगळें ग्राफिक्स कार्ड असल्यास केबल त्या कार्डावरच लावली पाहिजे; मदरबोर्डवरील जागा त्या वेळीं बहुधा बंद असते. आमच्या हातून नेमकी हीच चूक घडली होती. केबल कार्डावर लावतांच कंपनीचें नांव पुन्हां दिसूं लागलें, आणि आमच्याच हातचा दुसरा बिघाड दूर होऊन मूळचा तेवढा शिल्लक राहिला.

तिसरें स्टेशन ग्रब या प्रोग्रामचें. कोणतें कर्नेल मेमरींत आणावयाचें, हें ठरविणें त्याचें काम. त्याचा मेनू पुष्कळदां लपलेला असतो. सुरुवातीसच नव्या यंत्रांत एस्केप आणि जुन्यांत शिफ्ट ही कळ दाबल्यास तो दिसतो. पडद्यावर "ग्रब रेस्क्यू" असे शब्द येऊन यंत्र थांबलें, तर ग्रब स्वतः जागा झाला आहे, परंतु त्याला आपल्या फाइली सांपडत नाहींत असें समजावें. डिस्कचे भाग बदलल्यास असें होतें. पेनड्राइव्हवरील लिनक्सनें संगणक सुरू करून ग्रब पुन्हां बसविला कीं हा दोष जातो. त्यासाठीं आपल्या फाइली पुसाव्या लागत नाहींत.

चौथें स्टेशन कर्नेलचें. येथें एक अडचण असते. डिस्क वाचावयाची तर तिचा ड्रायव्हर हवा, आणि तो ड्रायव्हर डिस्कवरच असावयाचा! म्हणून ग्रब कर्नेलबरोबर एक लहानसें तात्पुरतें गांठोडें मेमरींत आणून ठेवतो. त्यांत डिस्क उघडण्यापुरतीं साधनें असतात. त्याचें नांव इनिटरॅमएफएस. कसाऱ्यास थळघाट चढण्यासाठीं गाडीस मागून जादा इंजिनें लावतात आणि इगतपुरीस तीं काढून घेतात, तसेंच हें. गांठोडें अपुरें राहिलें, तर "कर्नेल पॅनिक" असे शब्द उमटतात व मूळ डिस्क जोडतां आली नाहीं असें यंत्र सांगतें. सुधारणा अर्ध्यावर तुटणें किंवा बूट नांवाचा भाग भरून जाणें, हीं त्याचीं नेहमींचीं कारणें. याउलट पडद्यावर कंसांत इनिटरॅमएफएस हा शब्द येऊन आपणांकडून आज्ञेची वाट पाहिली जात असेल, तर पुष्कळदां वीज अचानक गेल्यानें डिस्कवरील नोंदी विस्कळित झालेल्या असतात. त्या एफएससीके या आज्ञेनें तपासून नीट करतां येतात. मात्र डिस्कच झिजून खराब होत असेल, तर आधीं फाइलींची प्रत काढावी व मग दुरुस्तीस हात घालावा.

पांचवें स्टेशन सेवांचें. कर्नेल आपलें काम झाल्यावर सिस्टमडी या मुकादमाकडे कारभार देतें. डेबियन व उबुंटू या प्रसिद्ध लिनक्स प्रणालींत २०१५ पासून हाच मुकादम आहे. जाळें, घड्याळ, छपाई इत्यादि सेवा तो चालू करतो. येथें यंत्र दीड मिनिटाचा आंकडा मोजीत थांबलें, तर तें बहुधा एखाद्या न सांपडणाऱ्या डिस्कची वाट पाहत असतें. पूर्वीं जोडलेली डिस्क काढून टाकली, पण एफस्टॅब या यादींतील तिचें नांव काढलें नाहीं, म्हणजे असें होतें. मेलेल्या माणसाचें नांव हजेरीपटांत राहावें, तसलाच हा प्रकार.

सहावें स्टेशन चित्राचें, आणि लिनक्स वापरणारांची सर्वांत अधिक गाळण उडते ती येथें. येथवर यंत्र पूर्णपणें जागें झालेलें असतें; फक्त तें आपलें तोंड दाखवूं शकत नाहीं. याची परीक्षा सोपी आहे. पडदा काळा असतां कंट्रोल, आल्ट आणि एफ३ या तीन कळा एकदम दाबाव्या. अक्षरी पडदा येऊन नांव विचारलें गेलें, तर कर्नेल जिवंत आहे, डिस्क शाबूत आहे, आणि दोष बहुतेक ग्राफिक्सच्या ड्रायव्हरांत आहे असें धरून चालावें. कधीं पासवर्ड बरोबर दिला तरी पुन्हां पासवर्डच विचारला जातो. तेव्हां डिस्क कांठोकांठ भरली आहे काय, हेंही पाहावें.

ड्रायव्हर म्हणजे कर्नेल आणि यंत्राचा एखादा भाग यांच्यामधला दुभाष्या. इंटेल व एएमडी या कंपन्यांच्या ग्राफिक्सचे खुले ड्रायव्हर कर्नेलबरोबरच येतात. त्यांस फर्मवेअरच्या कांहीं फाइली मात्र लागतात. जून २०२३ मध्यें आलेल्या डेबियन १२ पासून अशा फाइली त्याच्या नेहमींच्या स्थापना-प्रतींतच घातलेल्या असतात. पूर्वीं त्या वेगळ्या मिळवाव्या लागत. एनव्हिडियाच्या कार्डांसाठीं दोन वाटा आहेत. एक नूव्हो हा खुला ड्रायव्हर. तो कार्डाचें वर्तन निरखून निरखून स्वतंत्र लोकांनीं रचला. दुसरा खुद्द कंपनीचा. त्याचा कर्नेलमध्यें बसणारा भाग कंपनीनें मे २०२२ मध्यें खुला केला. जो ड्रायव्हर कर्नेलबरोबर येत नाहीं तो प्रत्येक नव्या कर्नेलसाठीं पुन्हां जुळवून घ्यावा लागतो. हें काम डीकेएमएस नांवाचें साधन सुधारणेच्या वेळीं आपोआप करतें. परंतु तें मध्येंच तुटलें, तर नवें कर्नेल तयार आणि त्याचा दुभाष्या मात्र गैरहजर, अशी स्थिति होते. कंपनीचा ड्रायव्हर घालतांना नूव्होला रजा दिलेली असते. तेव्हां तोही मदतीस येत नाहीं.

आणखी एक कारण ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. नव्या यंत्रांत सिक्युअर बूट म्हणून एक पहारेकरी असतो. ज्याच्यावर ओळखीची सही नाहीं असा ड्रायव्हर तो कर्नेलमध्यें येऊं देत नाहीं. म्हणून ड्रायव्हर घालतांना एक पासवर्ड ठरविण्यास सांगतात, आणि पुढच्या वेळीं संगणक सुरू होतांच निळ्या पडद्यावर तो मागून सहीची नोंद करून घेतात. हा पडदा काय आहे हें न कळल्यामुळें पुष्कळ लोक तो तसाच पुढें ढकलतात, आणि मग ड्रायव्हर कां चालत नाहीं म्हणून कपाळास हात लावतात.

चित्राचा दोष आढळल्यास दोन उपाय आधीं करावे. पहिला, ग्रबच्या मेनूंतील अधिक पर्यायांच्या यादींत जाऊन मागचें कर्नेल निवडावें. लिनक्स जुनें कर्नेल लगेच फेकून देत नाहीं, हा तिचा मोठा गुण आहे. दुसरा उपाय नोमोडसेट या शब्दाचा. ग्रबच्या मेनूंत ई ही कळ दाबली म्हणजे कांहीं ओळी दिसतात. त्यांत लिनक्स या शब्दानें सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटीं एक जागा सोडून एन-ओ-एम-ओ-डी-ई-एस-ई-टी हीं नऊ इंग्रजी अक्षरें लहान लिपींत लिहावीं व एफ१० दाबावें. याचा अर्थ, "कर्नेला, ग्राफिक्सच्या ड्रायव्हराकडून चित्राची मांडणी करवूं नको, साध्या चित्रावर भागव." मग चित्र ओबडधोबड आलें तरी चालेल, तें आलें कीं दोष ड्रायव्हराचा हें जवळजवळ ठरलें. हा शब्द तेवढ्या एका वेळेपुरताच लागू असतो. त्यानें निदान होतें, रोग जात नाहीं, हें विसरूं नये.

आमच्या संगणकावर आम्हीं पहिलाच उपाय केला. मुलांनीं एस्केप दाबून मेनू आणला, मागचें कर्नेल निवडलें, आणि थोड्याच वेळांत ओळखीचा पडदा समोर उभा राहिला. वर्गांत एकदम ओरडा झाला. मीं तो थांबविला नाहीं. परंतु पुढचें काम मात्र त्यांस आधीं करावयास लावलें. सर्व मुद्रण दोन निरनिराळ्या पेनड्राइव्हवर उतरविलें, आणि त्यांतील त्या आजींचें गाणें लावून तें धड आहे याची खात्री केली. वर्ग अगदीं शांत होऊन ऐकत होता. त्यानंतर अर्ध्यावर राहिलेली सुधारणा पुरी केली. उबुंटूसारख्या प्रणालींत ग्रबच्या त्याच यादींत रिकव्हरी मोड म्हणून एक वाट असते. तेथील डीपीकेजी हा पर्याय तुटलेल्या सुधारणा जोडून देतो. तो संपल्यावर नव्या कर्नेलसाठीं ड्रायव्हर तयार झाला, आणि संगणक नेहमींप्रमाणें चालूं लागला. डिस्क पुसावी लागली नाहीं, नवा भाग घ्यावा लागला नाहीं, एक पैसाही खर्च झाला नाहीं.

या अनुभवावरून जे नियम आम्हीं वर्गाच्या फळ्यावर लिहिले ते येथें देतों. यंत्र शेवटीं काय दाखवून थांबलें तें प्रथम वहींत टिपावें. अक्षरें भरभर जात असल्यास त्यांचें छायाचित्र घ्यावें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि तिचा परिणाम पाहिल्याशिवाय दुसरीस हात लावूं नये. उपयोग झाला नाहीं तर ती पूर्वस्थितीस आणावी. यंत्राची स्वतःची रोजनिशी असते, ती वाचावी. जर्नलसीटीएल ही आज्ञा मागच्या वेळीं काय घडलें तेंही सांगूं शकते. ड्रायव्हर शक्यतों आपल्या लिनक्सच्या स्वतःच्या भांडारांतूनच घ्यावा, इकडून तिकडून उतरवूं नये. सुधारणा चालू असतां वीज जाणार नाहीं अशी सोय करावी. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली असावी. आणि सर्वांत आधींचा नियम हा कीं, जें पुन्हां मिळणार नाहीं त्याची दुसरी प्रत आजच काढावी.

ज्यांस अधिक शिकावयाचें आहे त्यांच्यासाठीं पवईच्या आय. आय. टी. चा स्पोकन ट्यूटोरियल हा उपक्रम आहे. त्यांत लिनक्सचे धडे मराठींतूनही ऐकावयास मिळतात, व त्यांस मूल्य पडत नाहीं.

पालकांस एक विनंति. मुलानें घरच्या संगणकाचा असा तपास करण्यास घेतला, तर "हात लावूं नको, बिघडेल" असें एकदम म्हणूं नये. आधीं प्रत काढली आहेस काय, कोठें थांबलें तें लिहिलें आहेस काय, एवढेंच विचारावें. त्यानें होय म्हटलें तर त्याला बसूं द्यावें. क्रमानें विचार करण्याची ही संवय यंत्रापुरती राहत नाहीं. गणित चुकलें असतां सारें पान फाडण्याऐवजीं कोणत्या ओळीपर्यंत बरोबर होतें हें पाहणारा विद्यार्थी हाच धडा गिरवीत असतो.

त्या मुलीनें विचारलेला प्रश्न अगदीं साधा होता, आणि आम्हां मोठ्या माणसांस तो सुचला नाहीं, हें मी मोकळेपणें कबूल करतों. आतां आमच्या वर्गांत दर शनिवारीं एक विद्यार्थी सर्व कामाची प्रत काढतो व वहींत तारीख घालून सही करतो. त्या वहीच्या पहिल्या पानावर त्या मुलीच्याच अक्षरांत एक ओळ लिहिली आहे: "कोठें थांबलें, तें आधीं पाहा."